रिकाम्या मैदानावरील वाद

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम फेब्रुवारींत संपतो व सप्टेंबरांत पुन्हा सुरू होतो. मधल्या काळांत रसिक जो वाद घालतात, त्यास रिकामटेकडेपणा म्हणण्याची रीत आहे. आम्हांस ती पटत नाहीं.

विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या लहान शहराच्या पॅकर्स संघाचे भागधारक सामान्य रसिकच आहेत. ब्रेट फार्व्ह सोळा हंगाम त्यांच्या चढाईचा सूत्रधार होता. सन २००८ च्या मार्चांत तो निवृत्त झाला आणि उन्हाळ्यांत परत येऊं म्हणाला. संघानें त्यास न्यूयॉर्क जेट्सकडे धाडून तरुण ॲरन रॉजर्सच्या हातीं सूत्रें दिलीं. रसिकांत दोन तट पडले: एकास कृतज्ञता प्रिय, दुसऱ्यास भवितव्य.

२०११ च्या फेब्रुवारींत रॉजर्सनें अजिंक्यपद मिळवून दिलें. त्यानें निवड योग्य ठरली. पण ऋणाचा प्रश्न विजयानें सुटत नसतो. तो २०१५ च्या जुलैंत सुटला. फार्व्हच्या सन्मानासाठीं लॅम्बो मैदान रसिकांनीं फुलून गेलें. त्या दिवशीं तेथें सामना नव्हता. संघ जिंकतो हंगामांत. तो आपला कां, हें रसिक ठरवितात हंगामाबाहेर.