कोळसा आणि बारदाना : प्रभाकर पाचपुते व इब्राहिम महामा यांच्या कलेतील श्रमानुभव

प्रस्तावना :
आफ्रिकी कला म्हटले की मुखवटे व काष्ठशिल्पे आणि विदर्भातील ग्रामीण कला म्हटले की लोककला, असे समीकरण आपल्याकडे रूढ झालेले आहे. या समीकरणाला छेद देणारे दोन समकालीन दृश्यकलावंत म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील प्रभाकर पाचपुते व घाना या देशातील इब्राहिम महामा. प्रस्तुत लेखात या दोघांच्या माध्यमांचा तौलनिक विचार केला आहे. कलाकृती ज्या भूमीतून आशय व सामग्री घेते, त्या भूमीला ती काय परत करते, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

पाचपुते यांची कोळशाची रेखा :
पाचपुते यांचा जन्म १९८६ साली सास्ती या कोळसा खाणीच्या गावी झाला. त्यांच्या घरातील आधीच्या पिढ्या खाणीत राबल्या. खैरागड येथे शिल्पकलेचे व पुढे बडोदा येथे उच्च शिक्षण घेतल्यानंतर २०१२ मध्ये मुंबईत क्लार्क हाऊस येथे ‘कॅनरी इन अ कोल माइन’ हे त्यांचे प्रदर्शन झाले. खाणीतील विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पूर्वी कॅनरी पक्षी आत नेला जात असे. शीर्षकात तोच संदर्भ आहे. चित्रकाराचा चारकोल लाकडापासून बनतो, तो खाणीतील दगडी कोळसा नव्हे. तरीही भिंतभर पसरलेली ही काळी रेखा खाणीतील अंधाराशी थेट नाते जोडते. त्यांच्या अनेक मानवाकृतींना डोके नसते. त्या जागी अवजार वा एखादी वस्तू येते. श्रमिकाची ओळख त्याच्या कामात विरून जाते, हे सत्य येथे घोषणेविना व्यक्त होते.

महामा यांचे बारदान :
१९८७ साली तामाले येथे जन्मलेल्या महामा यांचे शिक्षण कुमासी येथे झाले. तागाची जुनी पोती हे त्यांचे प्रमुख माध्यम. आशियात विणलेली ही पोती घानात कोको भरण्यासाठी येतात व पुढे धान्य वा लोणारी कोळसा वाहून जीर्ण होतात. महामा नवी पोती देऊन जुनी घेतात आणि सहकाऱ्यांच्या मदतीने ती शिवून त्यांनी इमारती झाकतात. २०१५ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात अशा पोत्यांच्या प्रचंड भिंती उभ्या राहिल्या. धान खरेदीच्या हंगामात बारदान्याचा तुटवडा अनुभवणाऱ्या भंडारा जिल्ह्यातील वाचकाला या माध्यमाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पोत्यावरील शिक्का, ठिगळ व डाग हा व्यापाराचा लेखी नसलेला इतिहासच होय.

मूल्यमापन :
दोघांच्याही कलेत एक धोका संभवतो. युरोपातील भव्य वास्तूवर चढलेले पोते केवळ देखणा पोत ठरू शकते आणि ते शिवणारे हात अनामिक राहतात. पाचपुते यांची डोके नसलेली आकृतीही वारंवार येऊ लागली की प्रतीक ठराविक होण्याची शक्यता असते. २०२१ मध्ये वेल्समधील ‘आर्टेस मुंडी’ हा पुरस्कार सहा कलावंतांना विभागून देण्यात आला, त्यांत पाचपुते होते. वेल्स हाही खाणींचा प्रदेश असल्याने तेथे सास्तीचा अनुभव परका ठरला नाही. मात्र भिंतीवरील चारकोलचे रेखाटन बहुधा प्रदर्शनासोबतच संपते. मूळ गावच्या प्रेक्षकापर्यंत ते पोहोचणे कठीणच.

या प्रश्नाला महामा यांनी दिलेले उत्तर लक्षणीय आहे. कलेतून मिळालेल्या पैशातून त्यांनी २०१९ मध्ये तामाले येथे समकालीन कलेचे केंद्र उभारले व पुढे ‘रेड क्ले’ हे विस्तीर्ण कलासंकुल सुरू केले. तेथे जुन्या विमानांचा उपयोग मुलांच्या वर्गांसाठी होतो. व्हेनिसमधील भिंतींपेक्षा तामालेतील हे कार्य अधिक मोलाचे मानावे लागते, कारण येथे सामग्री पुरविणारा समाज स्वतः प्रेक्षक होतो.

समारोप :
पाचपुते यांच्या कलेचे सामर्थ्य अनुभवाच्या खरेपणात आहे, तर महामा यांचे सामर्थ्य तो अनुभव संस्थेत रूपांतरित करण्यात आहे. एकट्या कलावंताकडून संस्थेची अपेक्षा करणे मात्र अन्यायाचे ठरेल. ती जबाबदारी समाजाची व शिक्षणसंस्थांचीही आहे. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज वर्षानुवर्षे बाहेर जात आहे. त्या श्रमाचे चित्र काढणारा विद्यार्थी उद्या एकोडीसारख्या गावातून पुढे आला, तर ते चित्र गावकऱ्यांना पाहता येईल अशी एक भिंत तरी महाविद्यालयांनी राखून ठेवणे अगत्याचे आहे.