जब्याची मालमत्ता

वाढत्या वयातील मुलाचे मन जाणावयाचे असेल, तर त्याच्या हाती व खिशात काय आहे ते पाहावे. आमच्या परांडे तालुक्याला लागूनच करमाळे तालुका. तेथील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ (२०१३) या चित्रकथेत हेच केले आहे. कैकाडी घरातल्या जब्याजवळ एक गलोल आहे. काळी चिमणी मारावी, तिची राख शालूवर टाकावी, म्हणजे ती वश होईल, अशी त्याची भाबडी समजूत! जीनची पँट हवी म्हणून तो सायकलीवरून बर्फाच्या कांड्या विकतो. ती सायकलही वाहनाखाली चिरडते.

चिमणीला जातीचे प्रतीक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला मोल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. जब्याची प्रत्येक वस्तू म्हणजे चारचौघांत बसू द्या, असा केलेला अर्ज होय. आणि एकेक अर्ज नामंजूर होत जातो. अखेर साऱ्या गावासमोर, शालूच्याही देखत, त्याला डुकरामागे धावावे लागते. मग त्याच्या हाती उरतो तो जमिनीवरचा धोंडा. तो मिळविण्यास कुणाची परवानगी लागत नाही. पडद्यावरून तो थेट आपल्याच रोखाने येतो, आणि तो चुकविण्याचा हक्क आपल्याला आहे काय, हा प्रश्न घरी येईतो सुटत नाही.