‘गनबस्टर’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतील प्रशिक्षण, युद्ध आणि काळ : एक चिकित्सक अभ्यास

बीजशब्द : अ‍ॅनिमे, विज्ञानकथा, युद्धशिक्षण, कालविस्तार, गुरु-शिष्य संबंध

प्रस्तावना :
जपानी चलचित्रकथा म्हणजे बालरंजन, असा समज आपल्याकडे बराच काळ रूढ होता. त्यामुळे या माध्यमातील विज्ञानकथांचा गांभीर्याने विचार फारसा झालेला दिसत नाही. गायनॅक्स या संस्थेने 1988-89 मध्ये थेट व्हिडिओवर प्रकाशित केलेली ‘टॉप ओ नेराए!’ ही सहा भागांची मालिका या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. ‘गनबस्टर’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. हिदेआकी आन्नो यांचे हे दिग्दर्शक म्हणून पहिले महत्त्वाचे काम होय. परग्रहावरील आक्रमकांशी लढण्यासाठी विद्यालयात घडविलेल्या योद्ध्यांची ही कथा शिक्षणाविषयी कोणता विचार मांडते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शीर्षक आणि परंपरा :
मालिकेचे शीर्षकच दोन कलाकृतींच्या संयोगातून सिद्ध झाले आहे. एक, 1986 चा अमेरिकन चित्रपट ‘टॉप गन’. दुसरी, सुमिका यामामोतो यांची 1973 पासून प्रसिद्ध झालेली टेनिसविषयक चित्रकथा ‘एस ओ नेराए!’. सामान्य वाटणारी विद्यार्थिनी, तिच्यातील सुप्त सामर्थ्य ओळखणारा कठोर प्रशिक्षक आणि आदर्श वाटणारी ज्येष्ठ सहाध्यायिनी हा क्रीडाकथेचा साचा येथे जसाच्या तसा उचललेला आहे. ओकिनावा येथील मुलींच्या अंतराळ विद्यालयात नोरिको ताकाया शिकते. तिचे नौदलाधिकारी वडील अंतराळातील हल्ल्यात नाहीसे झाले आहेत. त्याच हल्ल्यातून वाचलेले प्रशिक्षक ओता तिची निवड करतात. महाकाय यंत्रमानवात बसून मुली धावतात, जोर काढतात. हे दृश्य विनोदी आहे. परंतु ‘परिश्रम आणि जिद्द’ या मूल्यांवरील श्रद्धा मात्र विनोदी नाही. प्रारंभीचे विडंबन पुढे शोकात्म गांभीर्याला कसे पोहोचते, हे या मालिकेचे खरे वैशिष्ट्य होय.

काळाची किंमत :
हे परिवर्तन घडते ते सापेक्षतेच्या सिद्धांतामुळे. प्रकाशवेगाच्या जवळपास प्रवास करणाऱ्यासाठी काळ मंदावतो, हे भौतिकीतील तत्त्व येथे केवळ सजावट म्हणून येत नाही, तर कथानकाचा कणा बनते. दुसऱ्या भागात वडिलांचे भग्न जहाज वेगाने जाताना आढळते. पृथ्वीवर वर्षे लोटली असली तरी त्या जहाजावर जेमतेम दोन दिवस उलटले आहेत. म्हणून नोरिको आशेने आत शिरते आणि तिच्या हाती केवळ उद्ध्वस्त अवशेष लागतात. पाचव्या भागात शाळेतील मैत्रीण एका मुलीची आई झालेली दिसते. नोरिको मात्र अद्याप विद्यार्थिवयातच आहे. सहाव्या भागापर्यंत सहाध्यायिनी कझुमी तिच्याहून सुमारे पंधरा वर्षांनी प्रौढ झालेली असते.

जपानमध्ये या परिणामाला ‘उराशिमा परिणाम’ असे म्हणतात. सागरतळीच्या महालातून परतल्यावर शतके उलटून गेल्याचे पाहणाऱ्या उराशिमा तारो या कोळ्याची लोककथा त्यामागे आहे. मराठी वाचकाला या ठिकाणी कन्या रेवतीसाठी वर विचारण्यास ब्रह्मलोकी गेलेल्या आणि परतेपर्यंत युगे लोटलेल्या रैवत राजाची पुराणकथा आठवेल. मात्र रैवताला रेवतीसाठी बलराम लाभतो; नोरिकोच्या वाट्याला असा दिलासा येत नाही. युद्धाची किंमत येथे केवळ मृतांच्या संख्येत मोजलेली नाही. जिवंत राहिलेल्यांच्या हरवलेल्या वर्षांत ती मोजली जाते.

मर्यादा आणि मौन :
तथापि, या कलाकृतीच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. शत्रूला भाषा नाही, मन नाही. मानव हाच आकाशगंगेच्या शरीरातील उपद्रवी जंतू असावा आणि हे राक्षस तिचे संरक्षक असावेत, असे मालिकेत सूचित होते. पण हा अस्वस्थ करणारा विचार पुढे नेला जात नाही. मुलींच्या देहाचे प्रेक्षकानुनयी चित्रणही कथेच्या गांभीर्याशी विसंगत आहे.

याहून महत्त्वाचे मौन स्थळाविषयीचे आहे. 1945 च्या ओकिनावाच्या लढाईत हिमेयुरी पथक म्हणून मुलींच्या दोन शिक्षणसंस्थांतील 240 विद्यार्थिनी व शिक्षकांना परिचर्येसाठी युद्धभूमीवर नेण्यात आले. त्यांपैकी 136 जण मृत्युमुखी पडले. त्याच भूमीवर मुलींचे युद्धविद्यालय कल्पिताना मालिका या इतिहासाचा उच्चार करीत नाही. निर्मात्यांचा हेतू काहीही असो, शिक्षकाने विद्यार्थिनीला रणांगणावर पाठविणे ही तेथे निव्वळ कल्पना नव्हती, हे जाणणाऱ्या प्रेक्षकाला ओतांच्या कठोर प्रेमाकडे निःशंकपणे पाहता येत नाही.

समारोप :
अखेरचा भाग जवळजवळ संपूर्ण कृष्णधवल आहे. गुरु ग्रहापासून घडविलेला महास्फोटक आकाशगंगेच्या केंद्रापाशी कार्यान्वित करण्यासाठी नोरिको आणि कझुमी आपल्या यंत्राचे हृदयच खर्ची घालतात. त्या परततात तेव्हा पृथ्वीवर 12,000 वर्षे लोटलेली असतात. अंधारलेल्या पृथ्वीवर दिव्यांची अक्षरे उजळतात : ‘ओकाएरिनासाई’. घरी परतलेल्या माणसाचे घरच्यांनी करावयाचे हे स्वागत. त्यातील एक अक्षर उलटे उमटले आहे. लिपी विस्मृतीत गेली, तरी वाट पाहण्याचे कर्तव्य विसरले गेले नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो.

विद्यालयाने या मुलींना लढण्यास शिकविले. परतल्यावर जगावे कसे, हे त्याला शिकविता आले नाही. ती जबाबदारी शेवटी समाजाने स्मरणाच्या रूपाने स्वीकारलेली दिसते. जी शिक्षणव्यवस्था विद्यार्थ्याकडून त्यागाची अपेक्षा करते, तिने त्याच्या परतीचीही तजवीज करावयास हवी, हा विचार ‘गनबस्टर’ आपल्या मर्यादांसह प्रभावीपणे मांडते. अध्यापनक्षेत्रातील अभ्यासकांना ही मालिका महत्त्वाची वाटावी, ती याच कारणासाठी.