वामनाचे पाऊल आणि कंत्राटी माणूस

मराठी विज्ञानसाहित्याने आकाश मोठ्या हौसेने रंगविले. परंतु आकाशाचा वेध घेणाऱ्या यंत्रापुढे कोण बसतो आणि त्याचा पगार कोणाच्या हातून येतो, हे विचारण्याची गरज त्याला वाटली नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा शास्त्रज्ञांविषयी भरभरून लिहिले गेले. ते योग्यच होते. पण ठेकेदाराच्या हजेरीपटावर नाव असलेला, सरकारी अवकाश केंद्रातले संगणक चालू ठेवणारा माणूस मला त्या लेखनात भेटला नाही. माझा आक्षेप या गैरहजेरीला आहे.

हा आक्षेप मी कोल्हापुरातून घेतो, त्यालाही कारण आहे. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या जयंत नारळीकरांचा जन्मही १९३८ साली याच शहरातला. एकाने कचेरीचे दार उघडले, दुसऱ्याने मराठी वाचकाला आकाश उघडून दिले. दोन्ही वारसे मी माझे मानतो. म्हणूनच पहिल्याची कसोटी दुसऱ्याला लावणे मला आवश्यक वाटते.

नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत एका लुप्त संस्कृतीच्या ज्ञानातून वामन नावाचा यंत्रमानव घडतो आणि माणसाच्या हातातली सत्ता जाते की काय, असा प्रसंग उभा राहतो. कल्पना समर्थ आहे. पण तेथील संकट साऱ्या मानवजातीवर एकाच वेळी येते. जातींच्या उतरंडीवर उभ्या असलेल्या समाजात संकट असे समान वाटले जात नाही. शिवाय वामन हे नाव आम्हाला परके नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त बळीराजाची बाजू घेऊन वामनाची कथा उलटी वाचायला शिकवले. त्या परंपरेतला वाचक विचारणारच : हे पाऊल नेमके कोणाच्या डोक्यावर पडते?

इस्रोच्या भरतीच्या जाहिरातींत राखीव जागा असतात, हे मान्य केले पाहिजे. पण या राखीव जागांना दोन्ही बाजूंनी कुंपण पडते. वरचे कुंपण गुणवत्तेचे. १६ नोव्हेंबर १९९२ च्या मंडल निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरक्षण ठेवणे योग्य नाही अशा पदांची उदाहरणे दिली. त्यांत अणुऊर्जा व अवकाश यांच्याशी निगडित संशोधनसंस्थांतील तांत्रिक पदे होती. ही यादी अंतिम नव्हती. निर्णय सरकारवर सोपविलेला होता. तरी 'तंत्र' आणि 'आम्ही' यांच्यामध्ये एक शंका कायमची उभी केली गेली.

खालचे कुंपण निविदेचे. शासनाने माणसाला थेट नेमले आणि ती नेमणूक ४५ दिवस किंवा अधिक काळाची असली, तर ती तात्पुरती असूनही केंद्राच्या नियमांप्रमाणे आरक्षण लागते. पण करार माणसाशी न होता पुरवठादाराशी झाला की बिंदुनामावली दाराबाहेर राहते. संगणकांची देखभाल, जाळ्याची देखरेख, माहिती भरणे ही कामे अशीच दिली जातात. केंद्र सरकारच्या 'जेम' या खरेदी-बाजारपेठेत खुर्च्या-टेबलांबरोबर 'मनुष्यबळ' हीही घेण्याची गोष्ट आहे. माणसाला बळ म्हणून मोजायचे आणि माणूस म्हणून ओळखायचे नाही, ही भाषा आमच्या पूर्वजांच्या ओळखीची आहे.

कोणी म्हणेल, ठेकेदार जात विचारत नाही. ठीक आहे, पण जात न विचारणे म्हणजे न्याय देणे नव्हे. कोणी म्हणेल, उड्डाणांची कामे हंगामी असतात. तीही असतील. परंतु संगणकांचे जाळे वर्षाचे ३६५ दिवस चालते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने हीच कसोटी सांगितली होती : काम बारमाही आहे काय? बारमाही कामावर हंगामी माणूस ठेवला, तर बचत कोणाच्या आयुष्यातून होते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

आता आपल्या साहित्याकडे वळतो. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा बाबुराव बागुलांचा संग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेतला रेल्वेचा नोकर जात लपवितो. आज संगणकापुढे बसलेला आपला शिकलेला तरुण जातीबरोबर आणखी एक गोष्ट लपवितो : गळ्यातल्या ओळखपत्रावर कोणाचे नाव आहे ते. वस्तीत तो 'इस्रोत आहे' म्हणून ओळखला जातो, आणि निविदेची मुदत संपली की तो कोठेच नसतो. हे दुहेरी चोरलेपण दलित कथेने अजून पुरते पकडलेले नाही. आपण अजून गावकुसावर थांबलो आहोत. गावकूस आता संगणककक्षाच्या काचेच्या दारात आले आहे.

हा प्रश्न अवकाश केंद्रापुरता नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ संस्थांमार्फत बाह्ययंत्रणेने मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. तरुणांचा रोष उसळला आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. म्हणजे पाऊल मागे घेता येते. त्यासाठी बळीने मान वर करावी लागते.

नारळीकर २०२५ साली गेले. त्यांनी आम्हाला प्रश्न विचारण्याची वैज्ञानिक शिस्त दिली. ती शिस्त प्रयोगशाळेच्या हजेरीपटालाही लावणे, हे आजच्या लेखकाचे काम आहे. चंद्रावर कोण पोहोचले हे इतिहास लिहीलच. त्या रात्री संगणककक्षात कोण जागा होता आणि पुढच्या महिन्यात तो कामावर होता की नाही, हे आपल्याला लिहावे लागेल.