‘विकारविलसित’ : वेड कोणाचे?

शेक्सपीअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हॅम्लेट खरोखर वेडा झाला होता, की त्याने वेडाचे सोंग घेतले होते? विद्यार्थी वर्गात हा प्रश्न विचारतात, परीक्षक प्रश्नपत्रिकेत विचारतात, आणि टीकाकारांनी तर त्यावर अपार शाई खर्च केली आहे. प्रस्तुत लेखकानेही इंग्रजीच्या वर्गात वर्षानुवर्षे या प्रश्नाचे यथामति उत्तर दिले आहे. परंतु हा प्रश्न चघळीत बसल्याने त्या नाटकातील खऱ्या वेडाकडे आपली पाठ होते, असे आता वाटू लागले आहे. वेडा कोण, यापेक्षा कोणास वेडे ठरवावयाचे हे ठरवितो कोण, आणि वेड्याच्या बाजूने बोलतो कोण, हा प्रश्न अधिक मोलाचा होय. महाराष्ट्रात तर हे नाटक मराठीत आले तेच या प्रश्नाच्या छायेत.

गोपाळ गणेश आगरकर यांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चे भाषांतर 1883 साली प्रसिद्ध झाले. ते त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात केले, हे बहुतेकांस ठाऊक असते. पण ते तुरुंगात का गेले होते, याचा या नाटकाशी कोणी संबंध लावीत नाही. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी हे 1863 साली जन्मलेले, दत्तक येऊन 1871 साली गादीवर बसलेले. या कोवळ्या राजास वेड लागले आहे असे सरकारदरबारी धरले गेले. त्याचा छळ होत आहे व त्याला वेडे ठरविले जात आहे, असे आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर केले. ज्या पत्रांच्या आधारावर ते आरोप उभे होते ती न्यायालयात टिकली नाहीत, आणि जुलै 1882 मध्ये टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. दोघेही तेव्हा सव्विशीच्या उंबरठ्यावर होते. 101 दिवसांनी, 26 ऑक्टोबरला, ते सुटले. म्हणजे एका राजपुत्राच्या वेडाविषयी लिहिले म्हणून गजाआड गेलेला तरुण तेथे बसून दुसऱ्या राजपुत्राच्या वेडाचे नाटक मराठीत उतरवीत होता.

भाषांतराचे नावही विचार करावयास लावणारे आहे. ‘हॅम्लेट’ हे सूडाचे नाटक म्हणून ओळखले जाते. आगरकरांनी नावात सूडाचा उल्लेखही केला नाही. ‘विकार’ हा शब्द आपल्या भाषेत मनोवृत्तीलाही लागतो आणि रोगालाही. प्रेम हा विकार, क्रोध हा विकार आणि बुद्धिभ्रंश हाही विकारच. या तिन्हींची सरमिसळ कोठे होते आणि ती वेगळी कशी करावी, हाच तर या नाटकाचा पेच आहे.

हा पेच आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी एका साच्यात बसविला होता. अभिलाषापासून निघून चिंता, स्मृती, उद्वेग, प्रलाप, उन्माद, व्याधी, जडता अशा पायऱ्यांनी मरणापर्यंत जाणाऱ्या दहा कामदशा अलंकारग्रंथांत वर्णिल्या आहेत. प्रेम, वेड आणि मृत्यू ही एकाच जिन्याची पावले, असा हा सिद्धान्त. ‘विक्रमोर्वशीया’च्या चौथ्या अंकातील पुरूरवा उर्वशीच्या विरहाने उन्मत्त होऊन मोराला, कोकिळेला, हंसाला तिचा ठाव विचारीत रानोमाळ फिरतो, पण संगमनीय मणी सापडताच प्रिया परत मिळते आणि तो शुद्धीवर येतो. कालिदासाचा जिना मरणाच्या पायरीपाशी पोहोचण्यापूर्वीच वळतो.

नवल असे की, शेक्सपीअरचा पोलोनिअस हा अगदी आपल्या अलंकारशास्त्र्यासारखा बोलतो. मुलीने झिडकारले म्हणून राजपुत्र खिन्न झाला, त्याचे अन्न तुटले, झोप उडाली, शक्ती गेली, आणि शेवटी भ्रम झाला, अशी पायरीपायरीने उतरती रोगपरीक्षा तो राजापुढे ठेवतो. ही परीक्षा साफ चुकलेली आहे, हे प्रेक्षकांस आधीच माहीत असते. कारण विक्षिप्तपणाचे सोंग घेण्याचा आपला बेत हॅम्लेटने पहिल्याच अंकात मित्रांस सांगितलेला आहे. ब्रॅडले यांनी 1904 साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत हॅम्लेटच्या ठायी खरा विषाद दाखविला आहे, आणि तो मान्य करावयास हरकत नाही. परंतु विषाद असो वा सोंग असो, हॅम्लेटचे वेड त्याच्या उपयोगी पडते. त्याच्या आडून त्याला राजाला टोचता येते, दरबाऱ्यांची टर उडविता येते. एवढेच नव्हे, तर अखेरच्या प्रसंगी लेअर्टीसची क्षमा मागताना, अपराध माझा नव्हे, माझ्या वेडाचा, असा बचावही तो करतो. वेडाला वकील म्हणून उभे करणारा मनुष्य कितपत वेडा असतो, हे वाचकांनीच ठरवावे.

आता ऑफीलियाकडे पाहू. हॅम्लेटवर भरवसा ठेवू नकोस, असे भाऊ सांगतो, त्याला भेटू नकोस, अशी बापाची आज्ञा होते, ती ऐकते. मग तोच बाप तिला हॅम्लेटच्या वाटेत आमिषासारखी उभी करतो आणि राजासह आडून ऐकतो. हॅम्लेट तिचा पाणउतारा करतो. पुढे त्याच हॅम्लेटच्या हातून तिचा बाप मरतो, त्याला घाईघाईने मूठमाती मिळते, हॅम्लेटची रवानगी इंग्लंडला होते आणि भाऊ परदेशी असतो. हॅम्लेटजवळ स्वगते आहेत, होरेशिओ आहे. ऑफीलियाने एकदाच, राजपुत्राच्या भ्रष्ट झालेल्या बुद्धीबद्दल, एकटीने विलाप केला. स्वतःच्या दुःखाविषयी स्वगत तिला नाही, सखीही नाही. जे शहाणपणी कोणाशी बोलता आले नाही ते ती वेडात बोलते. गाण्यांच्या तुकड्यांतून, आणि वाटलेल्या फुलांतून. तिच्या गाण्यांत मेलेला बाप आणि फसवून गेलेला प्रियकर एकमेकांत मिसळून जातात. हे कामदशेचे सातवे पाऊल नव्हे. प्रेम करावयाचे की नाही हेही जिला स्वतः ठरवू दिले नाही, त्या मुलीचे हे वेड आहे. स्त्रियांच्या मनाला स्वतंत्र मत असते हे सांगण्यासाठी ज्या आगरकरांनी पुढे ‘सुधारका’त लेखणी झिजविली, त्यांच्या हातून ही मुलगी मराठीत यावी, हे औचित्य लहान नव्हे.

तिच्या मरणाचीही तीच गत. ती बुडाली कशी, हे राणी सांगते. आत्महत्या की अपघात, याचा काथ्याकूट थडगे खणणारे करतात. धर्मगुरू विधी आखडता घेतो. आणि हॅम्लेट थडग्यात उडी टाकून आपले प्रेम मोठ्याने जाहीर करतो, जेव्हा ते ऐकावयास ती उरलेली नाही. नाटकात एकंदर आठ माणसे मरतात. माझी हकीगत जगाला सांग, असे मरताना सांगावयास हॅम्लेटला मित्र लाभतो. ऑफीलियाची हकीगत सांगण्याचे काम कोणावरच सोपविलेले नाही.

आपल्या रंगभूमीनेही बहुधा हॅम्लेटचीच बाजू घेतली. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी चंद्रसेनाची भूमिका इतकी गाजविली की नाटक म्हणजे चंद्रसेन, असे समीकरण झाले. 2018 साली, आमच्याच औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, ‘जिगीषा’तून पुढे आलेल्या चंद्रकांत कुलकर्णी यांनी नाना जोगांच्या भाषांतरावरून हे नाटक पुन्हा उभे केले. तेव्हाही घरोघरी चर्चा झाली ती सुमीत राघवन यांच्या हॅम्लेटचीच. यात नटांचा दोष नाही; बोलणाऱ्याकडे कान जावे, हा आपला स्वभाव आहे.

परंतु कोल्हापूरच्या त्या राजाची आठवण झाली म्हणजे हा स्वभाव बोचतो. आपण सहज म्हणतो की तो आपला हॅम्लेट. तो राजपुत्र होता, एवढ्यापुरतेच ते खरे. त्याच्या वेडाविषयी दिवाण बोलले, सरकार बोलले, संपादक बोलले, न्यायालय बोलले. तो स्वतः काय म्हणत होता, ते या सर्व गलबल्यात कोणास ऐकू आले नाही. मोठ्यांच्या वेडावर पाळत असावी असे क्लॉडिअसचे मत होते. या राजावरही पहारा बसला. ‘विकारविलसित’ ज्या साली छापले गेले त्याच साली, 25 डिसेंबरला, अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्याचा अंत झाला. वय अवघे वीस. तो आपला हॅम्लेट नव्हता. तो आपली ऑफीलिया होता.