समासातील मतभेद : सामायिक दस्तऐवजांमधील टिप्पणी-सुविधेची समीक्षा

बीजसंज्ञा : टिप्पणी, समास, पाठचिकित्सा, सामायिक दस्तऐवज, उत्तरदायित्व

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन कामकाजात संगणकाचा वापर आता नवा राहिलेला नाही. अभ्यासक्रमाचा मसुदा, बैठकीचे इतिवृत्त, मूल्यांकनासाठीचा स्वयं-अध्ययन अहवाल, विद्यार्थ्यांच्या प्रबंधाची प्रकरणे असे बहुतेक लेखन आज 'गूगल डॉक्स'सारख्या सामायिक दस्तऐवजावर होते. एकाने लिहावे, दुसऱ्याने दुरुस्त करावे आणि तिसऱ्याने कडेला टिप्पणी करावी, अशी त्याची रीत आहे. या सुविधेकडे आपण सामान्यतः केवळ सोय म्हणून पाहतो. प्रस्तुत लेखात तिच्याकडे लेखनव्यवहारातील एक संस्था म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. टिप्पणी ही मजकूर पूर्ण होईपर्यंतची परांची आहे, की मजकूर कसा सिद्ध झाला याचा तो पुरावा आहे, हा या लेखापुढील मुख्य प्रश्न होय.

२. पोथीचा समास आणि हरताळ

मूळ मजकूर आणि त्यावरील भाष्य यांत भेद करण्याची जाणीव आपल्या परंपरेला नवी नाही. पोथीच्या पानाला सोडलेल्या मोकळ्या कडेस मराठीत 'समास' म्हणतात. गळलेले अक्षर 'काकपद' या खुणेने समासात लिहिले जाई. चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप दिला जाई. 'नियमाला हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच आला. म्हणजे भर घालणे आणि पुसणे या दोन्ही क्रियांना पोथीच्या व्यवहारात स्वतंत्र साधने होती, आणि दोन्हींच्या खुणा पानावर दिसत. लेप दिलेली जागा वाचता आली नाही, तरी येथे काही पुसले आहे एवढे तरी वाचकाला कळे.

३. पैठण आणि पुणे : संपादनाच्या दोन रीती

औरंगपुऱ्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या पैठणात संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलाकारांच्या हातून पाठभेद वाढले होते. मूळ संहितेत कोणी स्वतःची ओवी मिसळू नये, असा इशाराही त्यांनी दिला. ज्ञानेश्वरी ही स्वतःच गीतेवरील टीका असल्याने या इशाऱ्याला विशेष अर्थ प्राप्त होतो. भाष्य अवश्य करावे, परंतु ते दुसऱ्याच्या मजकुरात बेमालूम मिसळू नये, हे तत्त्व त्यात आहे. आजच्या सॉफ्टवेअरने संपादन आणि टिप्पणी यांचे अधिकार वेगळे ठेवले, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

तथापि या संपादनाला दुसरी बाजूही आहे. एकनाथांनी कोणते पाठ स्वीकारले आणि कोणते टाकले, याची नोंद शुद्ध प्रतीबरोबर आपल्यापर्यंत आली नाही. परिणामी तीन शतकांनंतरच्या अभ्यासकांना एकनाथपूर्व प्रतींचा शोध घ्यावा लागला. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि ती एकनाथपूर्व असल्याचा दावा केला. त्यावर दीर्घ वाद झाला. त्या काळाचा रिवाज पाहता हा दोष एकनाथांकडे जात नाही. पण निर्णय उरला आणि निर्णयामागील तुलना हरवली, की पुढच्या पिढ्यांना काय करावे लागते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याउलट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. १९२५ पासून वि. स. सुखटणकर यांनी तिचे प्रमुख संपादकत्व सांभाळले. या आवृत्तीच्या पानावर वरच्या भागात सिद्ध केलेली संहिता आहे आणि खाली नाकारलेले पाठ, कोणत्या हस्तलिखितात काय आहे यासह, दिले आहेत. जेथे संपादकांना खात्री नव्हती, तेथे शब्दाखाली नागमोडी रेषा आहे. वाचकाला संपादकाशी असहमत होता यावे, याची तजवीज संपादकानेच करून ठेवली आहे. पाठचिकित्सेची नैतिकता या तळटीपांत आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

४. कचेरीतील टिप्पणी आणि आळंदीचे उपोषण

'टिप्पणी' हा शब्द मराठी माणसाला ग्रंथापेक्षा कचेरीतून अधिक परिचित आहे. शासकीय नस्तीत पत्रव्यवहार एका बाजूला आणि टिप्पणी दुसऱ्या बाजूला असते. लिपिकापासून सचिवापर्यंत प्रत्येकाचे मत तेथे क्रमाने, स्वाक्षरी आणि दिनांकासह नोंदले जाते. आदेशात केवळ निष्कर्ष असतो, तर टिप्पणीत त्याची कारणे आणि कित्येकदा त्याला झालेला विरोधही सापडतो.

म्हणूनच २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानंतर खरा संघर्ष टिप्पणीवरूनच झाला. २००६ मध्ये केंद्र सरकारने नस्तीवरील टिप्पण्या कायद्याच्या कक्षेबाहेर काढण्याचा प्रस्ताव आणला. अण्णा हजारे यांनी त्याविरुद्ध ऑगस्ट २००६ मध्ये आळंदीत उपोषण केले आणि सरकारने पाऊल मागे घेतले. आदेश दाखवू, पण त्याच्या कडेला काय लिहिले होते ते दाखवणार नाही, ही भूमिका लोकांनी नाकारली. पुढे आलेल्या शासकीय ई-ऑफिस प्रणालीत पिवळी टिप्पणी बदलता येते, मात्र ती हिरवी झाली की कायम होते. कागदी नस्तीचे शील येथे यंत्राच्या रचनेत उतरले आहे.

५. सामायिक दस्तऐवजातील टिप्पणी

या पार्श्वभूमीवर गूगल डॉक्सची रचना तपासता येईल. ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली. २०११ मध्ये टिप्पण्यांना उत्तर-प्रत्युत्तराचे रूप आले आणि २०१४ मध्ये मजकुरात थेट बदल न करता बदल सुचवण्याची सोय झाली. पाहणारा, टिप्पणी करणारा आणि संपादन करणारा असे तीन अधिकार तीत आहेत. टिप्पणीवर नाव आणि वेळ आपोआप उमटते. खेड्यातील महाविद्यालयात बसलेल्या शिक्षकाला विद्यापीठाच्या मसुद्यावर शब्दाशब्दाला प्रश्न विचारता येतो. हा लाभ मोठा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे.

मात्र या रचनेत टिप्पणी तात्पुरती मानलेली आहे. संपादनाचा अधिकार असलेल्यास 'रिझॉल्व्ह'ची खूण दाबून कोणतीही चर्चा समासातून दूर करता येते. उत्तर देण्याची सक्ती नाही. अशी टिप्पणी इतिहासात शोधता येते, पण ती काढून टाकली तर तीही वाट बंद होते. दस्तऐवजाची प्रत करताना टिप्पण्या वेगळ्याने निवडल्या नाहीत, तर त्या सोबत येत नाहीत. पीडीएफ काढली की पान स्वच्छ होते. हरताळाचा निदान डाग तरी राहत असे; येथे डागही राहत नाही. शिवाय 'रिझॉल्व्ह' म्हणजे सोडवणूक. ज्याचे समाधान झाले नाही, त्याच्या प्रश्नावरही यंत्र सोडवणुकीचाच शिक्का मारते.

६. एक अनुभव

प्रस्तुत लेखक पूर्वी ज्या महाविद्यालयात कार्यरत होता, तेथील अहवाल समितीत असा प्रसंग घडला. तासिका तत्त्वावरील एका सहकारी प्राध्यापिकेने उपचारात्मक वर्गांच्या उपस्थितीचा आकडा हजेरीपटाशी जुळत नसल्याची टिप्पणी केली. दुसऱ्या दिवशी ती उत्तराविना मिटवलेली होती. पुढे दस्तऐवजाची नवी प्रत झाली, जुनी फाइल काढून टाकण्यात आली आणि अहवाल रवाना झाला. काही महिन्यांनी त्या आकड्याबद्दल विचारणा झाली, तेव्हा बैठकीत त्या बाईंनाच विचारले गेले, "मॅडम, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" त्यांनी सांगितले होते. ते दाखवण्यासाठी त्यांच्याजवळ काहीही नव्हते. ती टिप्पणी वाचलेले आम्ही दोघे-तिघे त्या बैठकीत होतो, आणि आम्ही गप्प राहिलो. दोष केवळ यंत्राचा नव्हता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

याउलट, एम. फिल.च्या प्रबंधिकेचा औरंगपुऱ्यात टंकलिखित करून घेतलेला कच्चा खर्डा आजही लेखकाच्या कपाटात आहे. मार्गदर्शकांच्या पेन्सिलीतील शेरे फिके झाले आहेत, पण त्यांनी कोठे हरकत घेतली आणि ती आपण कोठे मानली नाही, हे पानापानावर वाचता येते.

७. एक आक्षेप

प्रत्येक टिप्पणी कायम राहणार असेल तर लोक मोकळेपणाने लिहिणार नाहीत, सूचना फोनवरून दिल्या जातील, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. शुद्धलेखनाची दुरुस्ती किंवा स्वल्पविरामाची जागा जपून ठेवण्याचे कारण नाही. परंतु आकडा, अर्थ आणि निर्णय यांवरील हरकत वेगळ्या कोटीची आहे. कनिष्ठ, हंगामी वा तासिका तत्त्वावरील शिक्षकाला सभेत बोलणे अवघड असते. त्याच्यासाठी समास हीच बोलण्याची जागा उरते. ती पुसली गेली तर तो बोललाच नाही, असे ठरते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, टिप्पणी मजकुरापासून वेगळी ठेवणे हा या सुविधेचा गुण असून तो आपल्या संपादनपरंपरेशी सुसंगत आहे. दुसरी, वेगळी ठेवलेली टिप्पणी टाकाऊ मानणे हा तिचा दोष आहे. तिसरी, या दोषावरील उपाय बहुतांशी आपल्या हाती आहे. आशयावरील हरकत उत्तर दिल्याशिवाय मिटवू नये, ती मिटवण्याचा अधिकार हरकत घेणाऱ्यास असावा आणि अंतिम अहवालाबरोबर टिप्पण्यांसह एक प्रत कार्यालयात जतन करावी, एवढा ठराव कोणतीही समिती पहिल्याच बैठकीत करू शकते. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. नाकारलेला पाठ तळटीपेत ठेवण्याएवढे औदार्य मात्र लागते.