सापडणे आणि वाचणे

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रासाठी मी निबंध लिहीत होतो. मराठी साहित्यविचारात 'समीक्षा' हा शब्द केव्हा रुळला, हा विषय. 'टीका', 'परीक्षण', 'रसग्रहण' या शब्दांच्या गर्दीत तो नेमका कधी शिरला, याचा माग काढायचा होता. एका डिजिटल संग्रहात शोध घेतला, तर पडद्यावर एका जुन्या पुस्तकाच्या तीन ओळी उमटल्या. त्यांत 'समीक्षा' होती आणि शेजारी साल होते १८३५. मी हरखून गेलो. 'दर्पण' निघून जेमतेम तीन वर्षे झाली असताना हा शब्द छापला गेला होता! तळटीप लिहून मी मोकळा झालो.

निबंधवाचनानंतर एका निवृत्त ग्रंथपालांनी मला बाजूला घेऊन एवढेच विचारले, "पुस्तक हातात घेतलंत का?" घेतले नव्हते. महिन्याभराने घेतले. आतल्या पानावर छापले होते 'शके १८३५', म्हणजे इसवी सन १९१३. शिवाय तो उतारा वेदान्तातल्या प्रमाणांविषयी होता. साहित्याचा तिथे संबंधच नव्हता. साल अठ्ठ्याहत्तर वर्षांनी चुकले, अर्थही चुकला. नोंद करणाऱ्याने शक आणि सन यांची गल्लत केली, हे खरे. पण पुस्तक न उघडता तळटीप लिहिली ती मीच.

तेव्हापासून या शोधसेवांकडे मी समीक्षकाच्या नजरेने पाहू लागलो. त्यांतली सर्वांत मोठी सेवा गूगलची. या कंपनीने डिसेंबर २००४ मध्ये हार्वर्ड, स्टॅनफर्ड, मिशिगन, ऑक्सफर्ड ही विद्यापीठे आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांच्या कपाटांतली पुस्तके स्कॅन करण्याचा प्रकल्प जाहीर केला. जगातील एकूण पुस्तकांचा कंपनीने २०१० मध्ये केलेला अंदाज होता १२ कोटी ९८ लाख ६४ हजार ८८०. २०१९ पर्यंत चारशेहून अधिक भाषांतली चार कोटींवर पुस्तके आपण स्कॅन केल्याचे तिने सांगितले. अनेक अभ्यासकांना तेव्हा वाटलेला आनंद मलाही वाटला होता. ज्या पुस्तकासाठी पूर्वी लंडनची वारी करावी लागे, ते आता घरच्या मेजावर येणार होते.

२००५ मध्ये अमेरिकेतील लेखकसंघाने आणि प्रकाशकांनी कंपनीवर दावे लावले. लेखकांच्या परवानगीशिवाय पुस्तकांच्या प्रती केल्या, हा आरोप. साडेबारा कोटी डॉलरची तडजोड २००८ मध्ये ठरली. न्यायाधीश डेनी चिन यांनी ती २०११ मध्ये फेटाळली. पुढे २०१३ मध्ये त्यांनीच कंपनीच्या बाजूने निकाल दिला, अपील न्यायालयाने २०१५ मध्ये तो उचलून धरला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

अपील न्यायालयाचा निकाल साहित्याच्या अभ्यासकाने मुळातून वाचावा असा आहे. स्वामित्वहक्क शिल्लक असलेल्या पुस्तकांच्या बाबतीत कंपनी काय करते? पानाचे आठ तुकडे पाडते. प्रत्येक पानावरचा एक तुकडा आणि दर दहा पानांतले एक अख्खे पान कायमचे झाकून ठेवते. एका शब्दासाठी फार तर तीन तुकडे दाखवते. शब्दकोश, पाककृतींची पुस्तके आणि छोट्या कवितांचे संग्रह यांचे तुकडे मात्र दाखवतच नाही. तिथे एका तुकड्यातच वाचकाचे काम भागण्याचा संभव. अख्खा हायकू एका तुकड्यात मावतो!

न्यायालयाने कंपनीला मोकळे सोडले त्यामागचा एक मोठा आधार हाच होता: हे तुकडे पुस्तकाची जागा घेऊ शकत नाहीत. पुस्तक कुठे आहे, त्यात काय असावे, एवढेच ते सांगतात. म्हणजे ही सेवा कायदेशीर ठरली ती वाचनाला पर्याय नाही म्हणून. आणि आम्ही अभ्यासक नेमके तिला वाचनाचा पर्याय म्हणून वापरतो. माझी तळटीप हा त्याचाच पुरावा.

नोंदींमधल्या गोंधळाकडे भाषाशास्त्रज्ञ जेफ्री ननबर्ग यांनी २००९ मध्येच बोट दाखवले होते. गूगलच्या या संग्रहात कितीतरी पुस्तकांवर १८९९ हे साल पडले होते. १९४७ साली जन्मलेल्या स्टीफन किंग यांची कादंबरीही त्यांत होती! इंग्रजीत अशी चूक हास्यास्पद ठरते आणि म्हणून लगेच पकडली जाते. मराठीत शके १८३५ चे सन १८३५ झाले, तर ते पटण्यासारखे दिसते. धोका तिथे आहे.

मराठीची दुसरी अडचण तिच्या स्वभावातली आहे. आपला शब्द प्रत्यय लागण्याआधी रूप बदलतो. 'समीक्षा' शोधणाऱ्याला 'समीक्षेचा', 'समीक्षेने' ही रूपे सापडतीलच असे नाही, कारण अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला सामान्यरूप ठाऊक नसते. त्यात १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची छपाई. तेव्हा 'समीक्षेंत', 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार शब्दाशब्दावर असत. आजच्या पद्धतीने टंकलेला शब्द त्या पानावरून सरळ पुढे निघून जातो. जुन्या खिळ्यांची पुसट जोडाक्षरे यंत्राने चुकीची वाचली, तर बोलायलाच नको. शब्दांच्या वापराचे आलेख काढून देणारी गूगलची सेवा २०१० मध्ये आली. तिच्या भाषांत एकही भारतीय भाषा नाही.

चुकीचे सापडले, तर निदान कोणीतरी ते दुरुस्त करते; मला ग्रंथपाल भेटले. पण 'काही सापडले नाही' हे उत्तर कोण तपासणार? अलीकडे प्रबंधांत 'या काळात हा शब्द आढळत नाही', 'या विषयावर लेखन झालेले नाही' अशी विधाने मला भेटतात. ती कुठून आली हे विचारले की पुष्कळदा शोधपेटीकडे बोट जाते. यंत्राला वाचता आले नाही ते नव्हतेच, असे आपण मानू लागलो, तर एकोणिसाव्या शतकातले कितीतरी मराठी लेखन कपाटात असूनही नाहीसे होईल.

अशा वेळी शंकर गणेश दाते आठवतात. १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची त्यांची 'मराठी ग्रंथसूची' १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९३८ ते १९५० चा पुढचा खंड १९६१ मध्ये. तिथे शब्द शोधता येत नाही. पण दात्यांच्या नोंदीमागे पुस्तक हातात घेतलेला माणूस आहे. शक कोणता आणि सन कोणता, हे त्या माणसाला कळते.

मिशिगनसह अनेक विद्यापीठांनी आपल्या डिजिटल प्रती जपण्यासाठी २००८ मध्ये उभारलेल्या संस्थेचे नाव आहे 'हाथीट्रस्ट'. शब्द हिंदीतला, हत्तीच्या स्मरणशक्तीवरून घेतलेला. नाव आपल्याकडचे गेले, पण आपल्या पुस्तकांची ओळख त्या स्मरणात चोख उतरवण्याचे काम अमेरिकेतली कंपनी किंवा विद्यापीठ करील, ही अपेक्षा फोल आहे. दात्यांच्या सूचीतले साल डिजिटल नोंदीशी ताडून पाहणे, जुन्या लेखनाची आणि सामान्यरूपांची जोडयादी करणे, ही कामे मराठी विभागांची आणि ग्रंथालयांची आहेत. त्यांना फार पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

शोधसेवा मी सोडलेली नाही. परवाही तिने मला एका विस्मृत मासिकाचा पत्ता दिला. फरक इतकाच, की आता तो पत्ता कागदावर टिपून मी ग्रंथालयाची वाट धरतो. 'समीक्षा' साहित्यात केव्हा आली, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. सापडेल तेव्हा ते पान माझ्या हातात असेल.